शंभरपैकी किती?

२००४च्या वसंतात बोर्दोच्या एका वाइनवरून जोरदार भांडण लागलं. वाइन सेंत-एमिलियोंच्या शातो पावीची, हंगाम २००३चा. त्या वर्षीच्या उन्हाळ्याने युरोपला अक्षरशः भाजून काढलं होतं आणि द्राक्षं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पिकली होती. पावीचे मालक जेरार पेर्स हे मूळचे सुपरमार्केटच्या धंद्यातले. १९९८मध्ये त्यांनी हा जुना, नावाजलेला मळा विकत घेतला आणि गडद, दाट, पिकल्या फळांच्या चवीची वाइन करायला सुरुवात केली. अमेरिकेच्या रॉबर्ट पार्करनी पिंपातला नमुना चाखून या वाइनला शंभरपैकी ९५ ते १००च्या घरात बसवलं. लंडनच्या जॅन्सिस रॉबिन्सननी तिलाच वीसपैकी १२ दिले.

वीसपैकी १२ म्हणजे साठ टक्के, म्हणजे पहिला वर्ग, असं आपल्याला वाटेल. पण रॉबिन्सन यांच्या मोजपट्टीत १५ला सरासरी वाइन बसते, १४ला निव्वळ कंटाळवाणी, आणि १२ म्हणजे सरळ सदोष किंवा तोल सुटलेली. ही वाइन पोर्टसारखी गोडसर, जड लागते, बोर्दोची वाटतच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पार्करना नेमकी तीच घनता भव्य वाटली होती. दोघांनी एकमेकांना जाहीरपणे सुनावलं आणि वाइनच्या जगात दोन तट पडले.

यातलं कोणीही हौशी नव्हतं. ‘मास्टर ऑफ वाइन’ ही या क्षेत्रातली सर्वांत अवघड परीक्षा. ती उत्तीर्ण होणारी, वाइनच्या व्यापाराबाहेरची पहिली व्यक्ती म्हणजे रॉबिन्सन, वर्ष १९८४. आणि पार्करच्या आकड्यांकडे डोळे लावून बोर्दोचे मालक आपला दर ठरवत. असे दोन जाणकार एकच द्रव चाखतात. एकाला त्यात जवळजवळ पूर्णत्व दिसतं, दुसरीला बिघाड. मग तो आकडा मोजतो तरी काय?

वाइनला दर्जा देण्याची हौस नवी नाही, आकडा मात्र बराच नवा आहे. १८५५मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी मागवली गेली, तेव्हा तिथल्या दलालांनी कुठलीही चाखण्याची स्पर्धा भरवली नाही. कोणत्या शातोची वाइन वर्षानुवर्षं काय भावाने विकली जाते, ते त्यांना पाठ होतं. त्या भावांवरून त्यांनी तांबड्या वाइनच्या पाच पायऱ्या पाडल्या. ती यादी आजही वापरात आहे. वरच्या पायरीवर तिच्यात एकच मोठी दुरुस्ती झाली, तीही १९७३मध्ये, मूतों-रोथशिल्डला दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर नेलं तेव्हा. म्हणजे किमतीवरून दर्जा ठरला होता. सव्वाशे वर्षांनी ही गाडी उलट्या दिशेने धावू लागली.

मधला टप्पा प्रयोगशाळेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विभागात मेनार्ड अमेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९मध्ये वीस गुणांचा तक्ता तयार केला. वाइन स्वच्छ आहे का, रंग बरोबर आहे का, वास कसा, व्हिनेगरची छटा तर नाही ना, आंबटपणा, गोडी, तुरटपणा ठीक आहेत का, अशा एकेका गोष्टीला गुण. त्या काळात कॅलिफोर्नियात बिघडलेली वाइन सर्रास निघत असे आणि बिघाड नेमका कुठे आहे ते वाइन करणाऱ्याला दाखवणं, हे त्या तक्त्याचं काम होतं. ते त्याने चोख केलं. दोष नसलेल्या दोन वाइनमध्ये थोर कोणती, हे सांगायची वेळ आली की मात्र तो अडखळायचा. सगळ्या रकान्यांत नीट बसणारी, पण चाखून झाल्यावर आठवणीतही न राहणारी वाइन त्यात सतरा-अठरा गुण सहज मिळवून जाई.

रॉबर्ट पार्कर हे बाल्टिमोरचे वकील, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या बँकेत नोकरीला. १९७८मध्ये त्यांनी घरातून एक पत्रिका काढली, पुढे ‘द वाइन अॅडव्होकेट’ या नावाने गाजलेली. जाहिराती घ्यायच्या नाहीत, असा त्यांचा नियम होता. ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर हा त्यांचा आदर्श. त्या काळी वाइनवर लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळजण स्वतः वाइन विकत, किंवा विकणाऱ्यांचा पाहुणचार घेऊन लिहीत, त्यामुळे वाईट वाइनला वाईट म्हणणारा माणूस विरळा. पार्कर म्हणू लागले. आणि ते म्हणणं त्यांनी शंभरपैकी आकड्यात मांडलं, कारण अमेरिकन शाळेत शिकलेल्या कोणालाही ९२ आणि ७४ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

ही शंभराची मोजपट्टी मात्र खरी शंभराची नाही. तिची सुरुवात ५०पासून होते. रंगाला आणि दिसण्याला ५, वासाला १५, चवीला आणि घोट गिळल्यावर मागे रेंगाळणाऱ्या स्वादाला २०, एकूण दर्जाला आणि पुढे मुरण्याच्या शक्यतेला १०. झाले ५०. उरलेले ५० फुकट. बोर्डाच्या परीक्षेत पेपरवर नुसता बैठक क्रमांक लिहिल्याबद्दल निम्मे गुण मिळावेत, तसा हा प्रकार. ८०च्या खालचं काही दुकानदार पाटीवर लिहीतच नाहीत, आणि आज छापून येणारे बहुतेक गुण ८५ ते १०० या पट्ट्यात असतात. म्हणजे वापरातल्या पायऱ्या पंधरा-सोळा. रॉबिन्सन यांच्या वीसच्या पट्टीत अर्धा गुणही देतात आणि त्यांचं बरंचसं काम १५ ते १९च्या दरम्यान चालतं, म्हणजे तिथे नऊ-दहा. शंभराची पट्टी पाचपट बारीक मोजते हा नुसता भास आहे.

पार्करचं नाव झालं ते १९८२च्या बोर्दोमुळे. १९८३च्या वसंतात त्यांनी पिंपातले नमुने चाखले आणि हा हंगाम असामान्य आहे, मिळेल तेवढी घ्या, असं लिहिलं. तेव्हाचे वजनदार अमेरिकन समीक्षक रॉबर्ट फिनिगन साशंक होते. या वाइन मऊ आहेत, टिकणार नाहीत, असं त्यांचं मत. डॉलर वधारलेला होता, अमेरिकन गिऱ्हाइकाने पार्करचं ऐकलं, आणि वाइन खरोखरच अप्रतिम निघाली. वर तिचे भाव कैक पटींनी चढले. पुढच्याच वर्षी, १९८४मध्ये, पार्करनी वकिली सोडली.

हे भाकीत एवढं मोठं का ठरलं, हे समजायला बोर्दोची विक्रीपद्धत माहीत हवी. तिथे द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये व्यापारी व समीक्षक पिंपातून काढलेले नमुने चाखायला येतात. वाइन तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची, तोंड आवळणारी, कोवळी असते. बाटलीत भरायला अजून वर्ष-दीड वर्ष असतं. तरी मालक दर जाहीर करतात, गिऱ्हाईक पैसे मोजतं आणि माल दोन वर्षांनी घरी येतो. समोर बाटलीच नाही, मग पैसे कशाच्या भरवशावर द्यायचे? इथे आकड्याला जी ताकद येते, ती इतर कुठे येत नाही. शातोचे मालक पार्करचे गुण येईपर्यंत दर जाहीर करायला थांबू लागले.

या प्रभावाची किंमत युरोंमध्ये काढण्याची संधी योगायोगाने चालून आली. २००३च्या वसंतात, इराक युद्धाच्या दिवसांत, पार्कर बोर्दोला गेलेच नाहीत, आणि २००२च्या हंगामाचे दर मालकांना त्यांच्या गुणांविना ठरवावे लागले. अर्थशास्त्रज्ञांना असा प्रयोग कधी ठरवून करता येत नाही. हा आपोआप घडला होता. अली, लेकॉक आणि व्हिसर या तिघांनी त्या वर्षीचे दर इतर वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा पार्करच्या गुणांचा सरासरी परिणाम बाटलीमागे सुमारे २.८० युरो निघाला. एखादा शातो वर्षाला लाखभर बाटल्या काढत असेल तर हा हिशोब किती होतो, ते वाचकाने करून पाहावं.

अशा माणसाबद्दल किस्से तयार झाले नसते तरच नवल. एक असा: शेव्हाल ब्लां या विख्यात शातोच्या १९८१च्या वाइनला पार्करनी कमी लेखलं. तिथले व्यवस्थापक संतापले, पुन्हा येऊन चाखा म्हणाले. पार्कर गेले, तर व्यवस्थापकांच्या कुत्र्याने त्यांच्या पायाचा लचका तोडला. जखमेला बांधायला काही मागितलं, तर हातात त्यांच्याच पत्रिकेचा अंक ठेवण्यात आला. पार्करनी तशा लंगडत्या पायाने वाइन पुन्हा चाखली आणि गुण वाढवले. किस्सा फ्रेंच गर्वाचा म्हणून सांगतात. मला त्यात जास्त लक्षणीय वाटतो तो शेवटचा भाग. तीच वाइन, तोच माणूस, आणि आकडा वेगळा.

व्यापारात एक जुनी तक्रार आहे: नव्वदच्या वरची वाइन मिळत नाही आणि नव्वदच्या खालची खपत नाही. ८९ आणि ९० यांत चवीचा फरक कोणाच्याही जिभेला लागत नाही, पण मालकाच्या गल्ल्याला लागतो. मग वाइन त्या उंबरठ्यासाठीच घडू लागली. द्राक्षं उशिरा खुडायची, म्हणजे साखर जास्त, म्हणजे मद्यार्क जास्त. वेलीवरचे घड कमी ठेवायचे, म्हणजे उरलेल्यांत रस घट्ट. मग नव्या ओकच्या पिंपात मुरवायची, म्हणजे व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास. पोमरोलचे मिशेल रोलां हे या शैलीचे सर्वांत मागणी असलेले सल्लागार. पार्कर आणि त्यांची आवड जुळत असे आणि त्यांची गिऱ्हाइकं अनेक देशांत पसरली होती. भारतातही. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर मळ्याला १९९०च्या दशकापासून त्यांचा सल्ला मिळत होता. कॅलिफोर्नियात सोनोमाच्या एनोलॉजिक्स या कंपनीने तर वाइनचं रासायनिक पृथक्करण करून समीक्षक तिला किती गुण देतील याचा अंदाज सांगायची सेवाच सुरू केली. जोनाथन नॉसिटर यांच्या २००४च्या ‘मोंदोविनो’ या माहितीपटात या साऱ्याचा राग पुरेपूर उतरला आहे. गावागावाची चव पुसून सगळीकडे एकाच माणसाच्या जिभेला रुचेल अशी वाइन निघू लागली, ही त्यातली तक्रार. ती थोडी अतिरंजित आहे. मद्यार्काचं प्रमाण वाढण्यात तापमानवाढीचाही हात आहे, आणि पार्करच्या धाकाने बोर्दोतल्या आळशी मालकांनी मळे सुधारले, निवड कडक केली, घाणेरडी पिंपं फेकली, हेही तितकंच खरं.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे येऊ. व्यावसायिक चाखणीचा प्याला ठरलेला असतो. १९७७च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तो खाली फुगीर, तोंडाशी निमुळता आणि सुमारे २१५ मिलिलिटरचा असतो. त्यात वाइन ओतायची ५० मिलिलिटर. पांढऱ्या कागदावर प्याला कलता धरून रंग पाहायचा, विशेषतः कडेचा, कारण तांबडी वाइन वयानुसार कडेने विटकरी होत जाते. मग प्याला गोल फिरवून नाक आत घालायचं. मग घोट. तो तोंडात घोळवत थोडी हवा आत ओढायची, आवाज झाला तरी चालतो, आणि थुंकून टाकायचा. गिळला तर दुपारपर्यंत परीक्षकच आडवा होईल. एका दिवसात पन्नास-साठ वाइन हे नेहमीचं काम आहे.

या खटाटोपात जीभ करते ते अगदी थोडं. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, एवढीच तिची भाषा. चेरी, मिरी, ओली माती, चामडं, तंबाखू वगैरे जे काही वाइनच्या वर्णनात येतं, ते सगळं घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेतून कळतं. घोट तोंडात असताना नाक चिमटीत धरून पाहा. वाइन चटकन नुसती आंबट-तुरट होऊन बसते. तुरटपणा तर चवही नव्हे, तो स्पर्श. द्राक्षाच्या सालीतली आणि बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडातलं वंगण नाहीसं होतं. चाळिसाव्या तांबड्या वाइनपर्यंत लाळेची काय अवस्था होत असेल! पाव आणि पाणी देतात, पण त्याने भरपाई पुरती होत नाही. अशा वेळी नाजूक, सौम्य वाइन कडेला पडते आणि जी दाट, गोडसर, ओकने माखलेली असते तीच थकलेल्या तोंडाला जाणवते. जेवणासोबत दोन प्याले घेताना हाच निकाल नेमका उलटा लागू शकतो. शिवाय माणसागणिक कडवटपणाची जाण जन्मतःच कमीजास्त असते. बुचातून वाइनला लागणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास एका परीक्षकाला प्याला नाकाजवळ येताच कळतो, शेजारच्याला कळतही नाही.

या सगळ्याचा आकड्यावर किती परिणाम होतो, ते कोणीतरी मोजायला हवं होतं. मोजलं ते रॉबर्ट हॉजसन यांनी. समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या फील्डब्रुक या छोट्या वाइनरीचे मालक. त्यांना एका गोष्टीचा छडा लागत नव्हता: त्यांचीच एक वाइन एका स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन यायची आणि दुसरीत रिकाम्या हाताने परतायची. कॅलिफोर्निया राज्य जत्रेच्या वाइन स्पर्धेच्या आयोजकांना त्यांनी प्रयोगासाठी राजी केलं, हे त्या आयोजकांच्याही धैर्याचं म्हणायला हवं. परीक्षकांसमोर एका फेरीत तीसेक प्याले येत, नाव झाकून. त्यांतले तीन एकाच बाटलीतून ओतलेले असत. परीक्षकाला ते ठाऊक नसे.

२००८मध्ये निष्कर्ष छापून आले. साधारण परीक्षकाचे त्या तीन प्याल्यांचे गुण चार-चार अंकांनी वरखाली होत होते: एका प्याल्याला ९०, काही मिनिटांनी त्याच बाटलीतल्याला ८६, आणखी थोड्या वेळाने ९४. म्हणजे कांस्य आणि सुवर्ण यांतलं अंतर. आपल्या मतावर ठाम राहिलेले परीक्षक दहात एक, आणि तेच लोक पुढच्या वर्षी ठाम राहतील याचीही खात्री नव्हती. पुढच्या वर्षी हॉजसननी तेरा अमेरिकन स्पर्धांचे निकाल एकत्र केले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालं होतं. आणि अशा सुवर्णविजेत्यांपैकी ८४ टक्के दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत कुठल्याच पदकाविना परतल्या होत्या. भरपूर स्पर्धांत प्रवेशशुल्क भरत राहा, पदक मिळेलच, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

दुसरा प्रयोग याहून प्रसिद्ध आहे आणि हमखास चुकीचा सांगितला जातो. बोर्दो विद्यापीठात मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक तांबडी वाइन दिली आणि वासाचं वर्णन करायला सांगितलं. नंतर तीच पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून दिली. विद्यार्थ्यांनी तिला तांबड्या वाइनचे शब्द लावले. २००१च्या या शोधनिबंधावरून ‘तज्ज्ञांना पांढरी आणि तांबडी यांतला फरकही कळत नाही’ असं बिनधास्त ठोकून दिलं जातं. हे विद्यार्थी होते, आणि रंग ओळखा असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. प्रयोगातून कळतं ते एवढंच, की वासाला शब्द देताना डोळा आधी बोलतो. वाइनचं वर्णन वाचणाऱ्याला तेवढंही पुरेसं आहे.

वैयक्तिक मतभेद किती मोठे असू शकतात, याचं उत्तम उदाहरण वाइनच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या चाखणीतच आहे. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रान्स आणि कॅलिफोर्निया यांची झुंज लावली. नऊ फ्रेंच परीक्षकांनी नाव झाकलेल्या बाटल्यांना वीसपैकी गुण दिले आणि स्टॅग्ज लीपची १९७३ची काबर्ने सोव्हिनयों मूतों-रोथशिल्डच्या पुढे गेली. फ्रान्समध्ये हलकल्लोळ. पण गुणपत्रिका उघडून पाहा. विजेत्या वाइनला एका परीक्षकाने १० दिले होते, दुसऱ्याने १६.५. नऊ जणांची बेरीज १२७.५ विरुद्ध १२६. दीड गुणाच्या फरकावर इतिहास घडला, आणि तो फरक एका परीक्षकाच्या एका घोटात मावतो.

न चाखता वाइनला जोखता येईल का, असाही विचार एकाने केला. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी बोर्दोच्या लिलावातले जुने भाव आणि हवामानाच्या नोंदी समोर ठेवून एक समीकरण मांडलं. हिवाळ्यातला पाऊस, वेल वाढतानाचं तापमान आणि खुडणीच्या सुमाराचा पाऊस, एवढ्यावर हंगामाचा दर्जा सांगता येतो, असा त्यांचा दावा. पहिला पाऊस चांगला, उष्णता चांगली, शेवटचा पाऊस वाईट. नाशिकच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराने खुडणीच्या तोंडावरच्या पावसाबद्दल हे समीकरणाशिवाय सांगितलं असतं. १९९०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि पार्कर उखडले. सिनेमा न बघता परीक्षण लिहिण्यासारखं आहे हे, असा त्यांचा टोला होता. १९८९ आणि १९९० हे हंगाम थोर ठरतील असं समीकरण म्हणत होतं, आणि ते ठरले. १९८६ला मात्र समीकरणाने मोडीत काढलं होतं, पार्करनी वाखाणलं होतं, आणि त्या सालच्या काही वाइन आजही उत्तम गणल्या जातात. हंगाम सांगणं वेगळं आणि बाटली सांगणं वेगळं, एवढा निवाडा यातून मला पटतो.

मग गुण ही निव्वळ थाप म्हणायची का? तसं म्हणणं सोपं आहे, आणि चूक. सदोष, साधी आणि चांगली यांत अनुभवी माणूस सहसा गोंधळत नाही. हॉजसनच्या परीक्षकांचंही वाईट वाइनबाबत बऱ्यापैकी एकमत होत असे. घोटाळा आहे तो सुटा आकडा खरा मानण्यात. प्रयोगशाळेतून येणाऱ्या कुठल्याही मापासोबत चुकीची मर्यादा लिहिलेली असते. वाइनच्या पाटीवर ‘९१, चार इकडे किंवा तिकडे’ असं कोणी लिहीत नाही, कारण तसं लिहिलं तर ८९ आणि ९० यांमधली भिंतच कोसळेल. दुसरी गोष्ट आवडीची. पावीच्या भांडणात गुण देणारे दोघेही आपापल्या जिभेशी प्रामाणिक होते. पार्करचा आकडा हा त्या वाइनचा गुणधर्म नव्हता. ती आणि पार्कर यांच्या भेटीत काय झालं त्याची ती नोंद होती. ब्रिटनचे ज्येष्ठ लेखक ह्यू जॉन्सन यांनी यावर थट्टेत आपली स्वतःची पट्टी सुचवली होती: सर्वांत कमी गुण म्हणजे एकदा हुंगणं, मग एक घोट, एक प्याला, एक बाटली, असं चढत चढत शेवटी अख्खा मळाच विकत घेणं.

पार्कर २०१९मध्ये निवृत्त झाले. त्यांची पत्रिका आता मिशलॅनच्या मालकीची आहे, उपाहारगृहांना तारे वाटणारी तीच कंपनी. एका सम्राटाची जागा मात्र कोणी घेतली नाही. समीक्षक पुष्कळ झाले, फोनवर लेबलाचा फोटो काढून सामान्य पिणाऱ्यांचे तारे दाखवणारं विव्हिनोसारखं अॅप आलं, आणि गुण चढत गेले. चढणारच होते. एकाच वाइनला पाच जणांनी गुण दिले तर विक्रेता सर्वांत मोठा आकडा छापतो, आणि ज्याचा आकडा छापला जातो त्याचं नाव दुकानात झळकतं. कमी गुण देणाऱ्याला जाहिरात मिळत नाही. शंभरीसुद्धा आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही.

आपल्याकडे वाइनच्या बाटलीवर आकड्यापेक्षा पदकाची चिकटपट्टी जास्त दिसते. नाशिकच्या आणि अकलूजच्या वाइन परदेशी स्पर्धांत जातात, कारण इथल्या ग्राहकाला विश्वास वाटावा असं दुसरं साधन फारसं नाही. पदकामागे आकडाच असतो. लंडनच्या ‘डिकँटर’च्या स्पर्धेत ८६ ते ८९ला कांस्य, ९० ते ९४ला रौप्य, ९५-९६ला सुवर्ण आणि ९७पासून पुढे प्लॅटिनम. बाटली झाकलेली असली तरी देश, द्राक्षाची जात, साल आणि किमतीचा गट परीक्षकांना सांगितलेला असतो, त्यामुळे तिथला निकाल ‘जगात कितवी’ असा वाचू नये. तो ‘आपल्या गटात कशी’ असा वाचावा.

दुकानात ‘९२’ अशी पाटी दिसली तर आधी कोणाचे ते विचारावं. नाव नसेल तर आकडा विसरून जावा. नाव असेल तर त्या माणसाला काय आवडतं, ते दोन-तीन बाटल्यांत कळतं, आणि मग त्याचा आकडा उलटाही वापरता येतो: ज्यांना हलकी, आंबटसर, जेवणाला साथ देणारी वाइन हवी, त्यांनी पार्करचे ९८ पाहून बाटली परत फळीवर ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत. ‘९२ ते ९४’ असा पल्ला दिसला तर तो पिंपातल्या नमुन्याचा आहे, बाटलीचा नाही. आकड्याशेजारी कधीपासून कधीपर्यंत प्यावी ती वर्षं दिलेली असतात, ती आकड्यापेक्षा उपयोगी. भारतीय पांढऱ्या वाइनच्या बाबतीत तर बहुधा लवकरात लवकर. आणि बाटलीवरचं साल पाटीवरच्या सालाशी जुळतंय ना, हे पैसे देण्याआधी पाहून घ्यावं, कारण गुण एका हंगामाला मिळालेले असतात आणि फळीवरचा माल पुष्कळदा पुढच्या हंगामाचा असतो.